नावडतीचं मीठ

तिसऱ्यांदा गाडी बघायला गेलो तेव्हा ती विकणाऱ्या काकांनी गाडीशेजारी जुनी सतरंजी अंथरून ठेवली होती. आधीच्या दोन्ही खेपांना मी पार्किंगच्या जमिनीवर आडवा होऊन टॉर्चच्या उजेडात इंजिनाच्या पोटाखाली डोकावत होतो, आणि दोन्ही वेळा शर्टाची पाठ काळी करून घरी गेलो होतो. "पडा निवांत," ते म्हणाले, "तुमचं ठरेपर्यंत सतरंजी इथेच राहील."

टोमणा होता की आपुलकी, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी म्हणजे डुकाटी ९९९. २००४ सालची, लाल, मोनोपोस्तो, म्हणजे एकट्याची. ज्यांना बाइकमधलं फारसं कळत नाही त्यांना ती जुनी इटालियन स्पोर्ट बाइक वाटते आणि ते "वा!" म्हणतात. ज्यांना कळतं ते आधी गप्प होतात आणि मग विचारतात, "ही का?" गेला महिनाभर मी या "ही का?"चं उत्तर जुळवतोय. मित्रांना दिलेली उत्तरं मलाच पटत नाहीत, म्हणून इथे लिहून बघतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १९९४ साली डुकाटीने ९१६ आणली. मासिमो तांबुरिनीने घडवलेली. अरुंद, तिरके दोन दिवे, सीटखालून निघणारे जोड सायलेन्सर, आणि मागचं चाक एकाच बाजूच्या आर्मने धरलेलं, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बघावं तर चाक नुसतं हवेत लावून ठेवल्यासारखं. आमच्या हॉस्टेलमध्ये एकजण तांबुरिनीला "तंबोरीबुवा" म्हणायचा, पण नाव घेताना कानाची पाळी पकडायचा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून ९१६चं चित्र चिकटवलेलं होतं. बाहेरून लावायचं होतं, पण तिथे रूममेटच्या अभ्यासाचं वेळापत्रक होतं (जे त्याने चार वर्षांत एकदाही पाळलं नाही).

त्या ९१६चीच पुढे ९९६ झाली, ९९८ झाली. इंजिन वाढत गेलं, कपडे तेच राहिले. आणि २००२मध्ये बातमी आली की आता पूर्ण नवीन गाडी येतेय.

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तो क्षण मला लख्ख आठवतो, कारण तो फार लांबला. तेव्हाचं इंटरनेट चित्र एकदम दाखवत नसे, पडदा वरून खाली सोडावा तसं ओळीओळीने उघडायचं. आधी काच आली. मग एक दिवा आला, मधोमध. मी दुसऱ्या दिव्याची वाट बघत होतो, तो शेजारी यायला हवा होता. तो खाली आला. एकावर एक ठेवलेले दोन दिवे. मागे बसलेल्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "चित्र फाटलंय बहुतेक, परत लोड कर."

परत लोड केलं. तेच आलं.

त्यानंतरची दोनतीन वर्षं ९९९वर विनोद करणं हा ज्यांच्याकडे कुठलीच डुकाटी नव्हती अशा आम्हा सगळ्यांचा आवडता उद्योग होता. जोड सायलेन्सरच्या जागी सीटखाली एक मोठा डबा. एका बाजूच्या आर्मच्या जागी साधा दोन्ही बाजूंचा स्विंगआर्म. आरसे असे की गोगलगायीने शिंगं बाहेर काढलीत. हे शेवटचं माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

टीका करणाऱ्यांच्या तोंडी एक नाव होतं, पिएर टेरब्लांच. दक्षिण आफ्रिकेचा डिझायनर, कधीकाळी तांबुरिनीच्याच हाताखाली काम केलेला. गंमत बघा, याच माणसाने काढलेली एमएच९००ई ही गाडी २००० सालच्या १ जानेवारीला डुकाटीने इंटरनेटवरून विकायला काढली तेव्हा लोकांच्या उड्या पडल्या होत्या. तेच हात, तीच कंपनी. पण तिथे त्याला कुणाच्या जागी बसायचं नव्हतं. इथे लोकांच्या मनातल्या राणीला उठवून तिच्या आसनावर दुसरी बसवायची होती. मग नावडतीचं मीठ अळणी, ते कितीही मोजून टाकलेलं असो.

शर्यतीत तिने काय केलं? वर्ल्ड सुपरबाइकमध्ये २००३ साली नील हॉजसन, २००४ला जेम्स टोझलँड, २००६ला ट्रॉय बेलिस. चार मोसमांत तीन विश्वविजेते. तरी आमच्यातला एकजण म्हणायचा, "पुढे असते म्हणून जिंकते. मागे असती तर आरशात बघून पुढच्यानेच जागा दिली असती." २००७ला १०९८ आली, दिवे पुन्हा शेजारीशेजारी, स्विंगआर्म पुन्हा एका बाजूचा. कंपनीने तोंडाने काही कबूल केलं नाही, पण १०९८कडे बघितलं की कबुलीजबाब वाचल्यासारखंच वाटायचं.

एवढं सगळं माहीत असलेला, त्यात स्वतः विनोद पुरवलेला माणूस आज त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच गाडीखाली सतरंजीवर पडलाय. तेव्हा "ही का?" हा प्रश्न आधी मीच मला विचारणं रास्त आहे.

पहिलं, सोपं, थोडं लाजिरवाणं उत्तर: परवडते म्हणून. त्या काळातली धड अवस्थेतली ९९८ आता संग्राहकांच्या हाती गेलीय. तिची किंमत ऐकली की माझ्यासारख्याने गुपचूप दुसरा विषय काढावा. ९१६बद्दल तर बोलायलाच नको. ९९९ मात्र त्याच घराण्यातली असून मागे पडली. इंजिनही उपरं नव्हे, टेस्टास्ट्रेटा, म्हणजे इटालियनमध्ये अरुंद डोकं. २००१च्या ९९६आरमधून सुरू झालेलं, ९९८मध्ये आलेलं. व्हॉल्व्हमधला कोन चाळीस अंशांवरून पंचवीसवर आणला म्हणून डोकं अरुंद झालं आणि नाव तेच पडलं. सुरुवातीच्या ९९९मध्ये त्यातून १२४ अश्वशक्ती निघायची. म्हणजे राणीचं काळीज तेच, मुखवटा तेवढा बदललेला, आणि मुखवट्यापायी भाव उतरलेला.

पण इथेच मला माझा संशय येतो. रोज रात्री झोपायच्या आधी मी फोनवर तिची छायाचित्रं बघतो आणि रोज ती मला जरा जास्त आवडते. ती खरंच आवडतेय, की मिळण्यासारखी आहे म्हणून मी आवडून घेतोय? कोल्ह्याला न मिळणारी द्राक्षं आंबट लागतात हे आपण शाळेत शिकलो. हाताला लागणारी आंबट द्राक्षं गोड लागायला लागली तर त्या कोल्ह्याला काय म्हणायचं, ते कुणी शिकवलं नाही.

म्हणून एक प्रयोग केला. बारा वर्षांच्या मुलीला फोटो दाखवला, काहीही न सांगता. तिने बघितलं, डोकं वाकडं केलं, मग फोन माझ्या हातातून घेऊन नव्वद अंशात आडवा धरला. "आता बरोबर दिसते," म्हणाली, "डोळे डोळ्यांच्या जागी आले." आणि फोन परत देऊन निघून गेली.

बायकोने फोटो बघितलाच नाही. तिचा प्रश्न सरळ होता.

"मागे सीट कुठेय?"

"नाहीये. एकट्याचीच असते ती."

"म्हणजे मला कधी चल म्हणणार नाहीस."

"नाही."

"मग माझं काही म्हणणं नाही. विमा मात्र आधी बघ." हे शेवटचं वाक्य गाडीच्या विम्याबद्दल होतं की माझ्या, हे मी विचारलं नाही.

आता खरं कारण, किंवा निदान मला सध्या खरं वाटणारं. माझी उंची सहा फूट एक इंच. तिशीत असताना एका ओळखीच्यांच्या ९९६वर मला बसायला मिळालं होतं. दहा मिनिटं, स्टँडवर. ज्या गाडीचं घराणं मी चार वर्षं कपाटात जपलं, तिच्यावर बसलो आणि गुडघे कोपरांना लागले. हँडल इतकं खाली आणि टाकी इतकी लांब की मी तिच्यावर बसलेला नव्हतो, तिच्यावर वाळत घातलेला होतो. मालक मोठ्या कौतुकाने विचारत होते, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "स्वर्ग." उतरताना मानेतून कट्ट आवाज आला. त्या गाडीत माणसाला काही विचारलेलंच नव्हतं. ती सुंदर होती आणि तुम्ही तिच्या मापाचे असणं ही तुमची जबाबदारी होती.

९९९चं, त्यातही या मोनोपोस्तोचं, वेगळं आहे. टाकी आणि सीट हा एकच जोड आहे आणि तो सगळाच्या सगळा पुढेमागे सरकतो, २० मिलिमीटर. पायपेगना पाच जागा आहेत. सुकाणूचा कोनसुद्धा साडेतेवीस किंवा साडेचोवीस अंश असा बदलता येतो. वायरिंगमध्ये कॅन प्रणाली आणली, त्यामुळे वायरींचं जंजाळ कमी झालं. ज्या दोन बाजूंच्या स्विंगआर्मवर आम्ही तोंडसुख घेतलं त्याचं कारण साधं होतं: एका बाजूचा आर्म चाक झटपट बदलायला बरा, पण तेवढाच ताठपणा हवा असेल तर त्याला वजन जास्त लागतं. टेरब्लांचने बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्याच्या बाजूने कौल दिलाय आणि बघणाऱ्याच्या विरोधात. बाइक विकत घेणारे लोक आधी बघणारे असतात, हे मात्र त्याच्या हिशेबातून सुटलं असावं.

पुरे झालं कौतुक. जुनी इटालियन गाडी घ्यायची तर कौतुकाने पोट भरत नाही.

माझा नेहमीचा मेकॅनिक, ज्याच्याकडे मी गेली अकरा वर्षं माझी साधी गाडी देतोय, नाव ऐकूनच हात वर करून मोकळा झाला. "मी झाकणसुद्धा उघडणार नाही. उघडणारा माणूस सांगतो." तो दुसरा माणूस फोनवर फार बोलला नाही. चारच गोष्टी विचारल्या. बेल्ट कधी बदललेत, व्हॉल्व्ह कधी बघितलेत, आडवी पडली आहे का, आणि सगळ्यात शेवटी, "उभी किती दिवस होती?" मी म्हटलं, कमी चाललीय, तेवीस हजार चारशे किलोमीटर फक्त. तिकडून काही क्षण शांतता. मग, "कमी चाललीय हे चांगलं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

बेल्टचं प्रकरण सांगतो, कारण सगळा निर्णय त्याच्यावर येऊन अडला. या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे दांडे, फिरवायला साखळी नाही, दात्यांचे रबरी पट्टे आहेत. दर दोन वर्षांनी किंवा २०,००० किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ते बदलायचे. रबर चालून झिजतं तसंच ते नुसतं ताणून, एकाच ठिकाणी वाकून बसूनही म्हातारं होतं. आणि चालत्या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. ती भेट एकदाच होते.

व्हॉल्व्हचं आणखी निराळं. बाकीच्या जगात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. या डुकाटीत मिटवायलाही कॅमच, वेगळ्या रॉकरने ओढून. दार उघडायला एक माणूस आणि लावायला दुसरा. डेस्मोड्रोमिक म्हणतात ते हेच. फाबिओ तालिओनीने १९५६ साली १२५ सीसीच्या रेसिंग डुकाटीत ते आणलं आणि तेव्हापासून ते घराण्याचं कुंकू झालंय. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला उघडण्याची एक फट आणि मिटण्याची एक, अशा सोळा फटी फीलर गेजने मोजायच्या आणि बिघडलेल्या ठिकाणी शिम, म्हणजे फट राखणाऱ्या बारीक चकत्या, बदलायच्या. दर १०,००० किलोमीटरला. माझ्या साध्या गाडीच्या अख्ख्या वर्षाच्या देखभालीत ही एक मोजणीसुद्धा बसत नाही.

पहिल्या भेटीत यातलं काहीच विचारलं नव्हतं. मी भारावलेला होतो. काकांनी चावी फिरवली, बटण दाबलं, इंजिन दोनदा अडखळून तिसऱ्या फेरीला लागलं, आणि त्यांनी मुद्दाम क्लच ओढून धरला. कोरडा क्लच. तेलात बुडवलेला नसतो, त्यामुळे लिव्हर ओढला की सुट्या झालेल्या चकत्या आपल्या टोपलीत खणखणायला लागतात. कोणीतरी रागाने चमच्यांचा ड्रॉवर उघडमीट करतंय असा आवाज. पार्किंगमधून जाणारी एक बाई थांबली आणि काळजीने म्हणाली, "काहीतरी तुटलंय हो तुमचं." काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मला कळलं की हा संवाद याआधीही झालेला असणार.

काका सदुसष्ट वर्षांचे. नऊ वर्षं गाडी त्यांच्याकडे आहे. विकायचं कारण डावं मनगट. क्लच जड आहे, ओढला की अंगठ्याच्या मुळाशी कळ जाते. गाडीच्या दिसण्याबद्दल त्यांनी पहिल्याच फोनला हात झटकले होते: "सुंदर आहे असं मी जाहिरातीत लिहिलेलं नाही, नंतर भांडायचं नाही." "मीही कुणाला आवडत नव्हती म्हणूनच घेऊ शकलो," हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. दोष लपवायची त्यांची पद्धत नाही, फक्त दोषांना ते लाडाची नावं देतात. डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटजवळ, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरखाली ओल दिसली. जुनं सील, त्यातून फ्लुइड पाझरतंय. "ते जरा रडतं," काका म्हणाले.

दुसऱ्या भेटीत चालवली.

पहिली दहा मिनिटं मनस्ताप. हँडल इतकं कमी वळतं की पार्किंगमधून बाहेर पडायला दोनदा मागेपुढे करावं लागलं. आरशांत माझी कोपरं सोडून काही दिसत नव्हतं. तीन हजार आरपीएमच्या खाली इंजिन गचके देत चाललं, जणू दर वेळी विचारतंय, खरंच जायचंय का? सिग्नलला मागच्या सिलिंडरची आणि बुडाखालच्या सायलेन्सरची धग मांड्यांना जाणवायला लागली. हातावरचा भार बघून मनगटांनी काकांच्या मनगटाशी सहानुभूती दाखवली.

मग रस्ता मोकळा झाला. चार हजारांच्या पुढे ते गचके एकमेकांत मिसळले आणि त्यांचा एक ठेका झाला. नव्वद अंशांचं व्ही-ट्विन असल्याने त्याचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी. त्यामुळे आवाजात लंगडेपणा असतो आणि तो लंगडेपणाच कानाला हवासा वाटायला लागतो. एका लांब डावीकडच्या वळणावर मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेगात शिरलो, घाबरलो, आणि घाबरून काहीतरी चुकीचं करणार एवढ्यात लक्षात आलं की गाडीला काहीच झालेलं नाही. ती आखलेल्या रेषेवरून चालली होती. दचकलेला फक्त मी होतो. बाहेर पडताना मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो, आणि समोरून दिवे कसे दिसतायत याचा विचार मनात आला नव्हता, कारण आत बसलेल्याला ते दिसतच नाहीत.

परत आलो, गाडी उभी केली, काकांनी विचारलं, "कसं वाटतंय?" या वेळी मान वळवून बघितली. आवाज आला नाही.

तिसऱ्या भेटीला मी शहाण्यासारखा मल्टिमीटर, टॉर्च आणि प्रश्नांची यादी घेऊन गेलो. बॅटरीवर चार हजार आरपीएमला १४.१ व्होल्ट, म्हणजे रेग्युलेटर ठीक. प्लॅस्टिकच्या टाकीची मला धास्ती होती, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या प्लॅस्टिक टाक्या फुगतात. कडेच्या फटीतून बोट फिरवून बघितलं, दोन्हीकडे सारखं. काका उभी ठेवताना टाकी रिकामी करून ठेवायचे म्हणे. डाव्या फेअरिंगला खाली खरवडल्याची खूण. "स्टँडवरून. शून्य वेगात. माझ्याच पायावर." नावडतीच्या बाबतीत ही खूण बघावीच लागते. बेल्ट, शिम, क्लचच्या चकत्या हे इंजिनाचे भाग भावंडांमुळे मिळत राहतात. फेअरिंग, दिवे, आरसे मात्र फक्त तिचे आणि तिच्या धाकट्या ७४९चे. विक्री कमी, म्हणून सुटे भागही कमी. म्हणजे इंजिनापेक्षा आपटल्याची भीती जास्त.

मग काकांनी सर्व्हिसची फाइल आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेनुसार लावलेली. मी खूश. दहा हजारला व्हॉल्व्ह, वीस हजारला व्हॉल्व्ह, शिमचे आकडे हाताने लिहिलेले. आणि बेल्ट, २१,६०० किलोमीटरला.

तारीख सहा वर्षांपूर्वीची.

मी पुन्हा वाचली. काका शांतपणे म्हणाले, "अठराशे किलोमीटरच तर झालेत त्यावर." आणि मला पाच दिवसांपूर्वीचं ते डावीकडचं वळण आठवलं, आठ हजारांच्या आसपास गेलेला काटा, हेल्मेटमधलं हसणं. सहा वर्षं एकाच जागी वाकून बसलेल्या रबराच्या भरवशावर. पोटात गोळा आला तो घरी जाईपर्यंत होता. काकांना मी जरा तुटकच बोललो, ते मला नंतर खटकलं. दोष कोणाचा म्हणायचा? त्यांनी किलोमीटर मोजले, वर्षं मोजली नाहीत. मीही चालवायच्या आधी तारीख विचारली नव्हती.

त्या रात्री नाहीच घ्यायची, असं ठरलं. बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्याच पैशांत जपानी गाडी घ्यावी, चार सिलिंडर, वेगाने कुठेच कमी नाही, तेल बदला आणि विसरून जा. रात्री साडेबारापर्यंत मी जपानी गाड्या बघितल्या. सगळ्या उत्तम होत्या. एकीचाही फोटो मी दुसऱ्यांदा उघडला नाही.

सकाळी काकांचाच फोन आला. ते म्हणाले, "मी वाचलं. दोन वर्षं लिहिलंय, बरोबर आहे तुमचं. आता मी ती सुरू करणार नाही. तुम्ही म्हणाल तो माणूस बोलवा, बेल्ट इथेच बदलू, उचलूनही न्यायला नको. निम्मे पैसे माझे. पट्टे काढल्यावर तुम्ही स्वतः बघा, मग काय ते ठरवा. नाही म्हणालात तरी निम्मे माझेच."

मी म्हटलं, स्लेव्ह सिलिंडरचं सीलही.

"ते रडणं तुमच्या खात्यात," काका म्हणाले.

शनिवारी तो अल्पभाषी माणूस आला. सतरंजी तिथेच होती. दोन तासांनी जुने पट्टे माझ्या हातात होते. बाहेरून धड, पण बोटांनी मागे वाकवल्यावर दातांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या, कोरड पडलेल्या ओठांसारख्या. एक पट्टा हातातून सोडला तरी पुलीचा आकार धरूनच राहिला, सरळ होईना. "अजून चालले असते," तो म्हणाला आणि थोडं थांबून, "किती, ते मात्र नसतं सांगता आलं." नवीन पट्टे बसवले, ताण मोजला, हाताने इंजिन दोन फेऱ्या फिरवून खुणा जुळवून बघितल्या. सुरू केल्यावर क्लच खणखणला. या वेळी कुणी थांबलं नाही.

तो गेल्यावर मी तिच्यावर नुसता बसलो. पैशांचं बोलणं अजून व्हायचं होतं. मनातल्या मनात मी काकांनी सांगितलेल्या आकड्यातून पुढचे खर्च वजा करत होतो, सील, टायर, तीस हजारला येणाऱ्या सोळा फटी. काका समोर उभे राहून माझ्या पायांकडे बघत होते. गाडीकडे नाही, पायांकडे.

"गुडघा फार वर येतोय तुमचा," ते म्हणाले. "मी बुटका. माझ्या मापाला लावलंय ते."

ते आत गेले आणि अ‍ॅलन की घेऊन आले. मला काही विचारलं नाही. सतरंजी उजव्या बाजूला ओढली, गुडघे टेकून बसले, आणि डावं मनगट सांभाळत उजव्या पेगचा बोल्ट सैल केला. पेग निघाल्यावर त्याच्यामागे स्वच्छ धातूचा एक गोल दिसला, नऊ वर्षं झाकलेला, आजूबाजूच्या काळपटात चमकणारा. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पेग खालच्या जागी लावला.

"आता बघा."

मी पाय ठेवला.

"थांबा, दुसरा राहिलाय," म्हणत ते सतरंजी उचलून डावीकडे गेले. मी अजून हो म्हटलेलं नव्हतं.